दमाचा हिशेब



आपल्या मराठीत 'दम' हा शब्द मोठा कष्टाळू आहे. धाप लागली की आपण म्हणतो, दम लागला. घाई करणाऱ्याला सांगतो, जरा दम खा. अडचणीत सापडलेल्याला म्हणतो, दम धर. कुणाला धमकवायचे असेल तर दम भरतो, आणि ज्याच्या अंगी खरोखरच पाणी आहे त्याला दमदार म्हणतो. श्वास, सबुरी, धीर आणि ताकद या सगळ्यांना एकाच शब्दाने भागवणारी ही भाषा तालमीच्या हौदाशेजारून गेलेली असली पाहिजे. आज मला सांगायचे आहे ते याच दमाविषयी. मोठ्या किताबासाठी झुंजायला उभा राहिलेला जो आव्हानवीर असतो, त्याने आपला दम कसा कमवावा आणि कमावलेला कसा खर्चावा, हा आजचा विषय आहे.

मानखुर्दसारख्या वस्तीत हा विषय परका नाही. लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींतली किंवा शिवाजीनगरच्या गल्ल्यांतली पोरे आज मोबाइलवर ज्या लढती पाहतात, त्यांत मिश्र युद्धकलेच्या लढती पुष्कळ असतात. ठोसा, लाथ, कुस्ती, ज्युदो, जुजुत्सु असे सगळे एकाच पिंजऱ्यात. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो तो ठोसा आणि ती पकड. पण लढत पुष्कळदा हरली जाते ती ठोशाच्या आधीच, ज्या क्षणी एकाचे तोंड उघडे पडते आणि हात छातीखाली उतरतात त्या क्षणी. तालमीतल्या जुन्या माणसाला हे सांगावे लागत नाही. समोरच्याचा भाता कसा चाललाय, हे तो आधी बघतो.

पहिल्यांदा ही लढत लांबीने किती असते ते पाहू. यूएफसी या अमेरिकी संस्थेच्या स्पर्धांत साधी लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. किताबाची लढत पाच फेऱ्यांची, म्हणजे एकूण पंचवीस मिनिटांची, आणि दोन फेऱ्यांमध्ये विश्रांती एकाच मिनिटाची. आता आव्हानवीराची अडचण लक्षात घ्या. तो ज्या वाटेने वर चढून आला त्या वाटेवर बहुतेक लढती पंधरा मिनिटांच्या होत्या. शेवटची दहा मिनिटे त्याने सरावात पाहिली असतील, प्रत्यक्षात क्वचितच. गादीवरचा मात्र त्या दहा मिनिटांत राहून आलेला असतो. शिवाय लढत बरोबरीत सुटली तर किताब ज्याचा त्याच्याकडेच राहतो. त्यामुळे आव्हानवीराला वाटते, आपणच पुढे गेले पाहिजे, आपणच हाणले पाहिजे. त्यात मोठ्या मैदानाचे दिवे, गर्दी, छातीतली धडधड. पहिल्या फेरीत तो असा सुटतो की पाहणाऱ्यांना वाटते, आता निकाल लागलाच. आणि तिसऱ्या फेरीत तोच गडी खांबासारखा उभा असतो.

असे का होते? शरीराचा खर्च समजला तर उलगडा होतो. आपल्या घरात पैसा तीन ठिकाणांहून येतो असे धरा. एक म्हणजे खिशातली रोकड, दुसरी वाण्याकडची उधारी आणि तिसरा महिन्याचा पगार. स्नायूंचेही असेच आहे. सर्व जोर लावून मारलेली मुसंडी किंवा काढलेला पट हा खिशातल्या रोकडीवर चालतो. ती रोकड दहाएक सेकंदांत संपते. त्यानंतरही तितक्याच जोराने झटत राहिलात तर स्नायू उधारीवर जातात. पुरेशा प्राणवायूवाचून साखर जाळतात. ही उधारी मिनिट-दोन मिनिटे भागवते, पण तिचे व्याज जबर असते. स्नायूंत आम्लता वाढते, हातपाय जड होतात, डोळ्यांपुढे येईल तो डाव दिसतो पण अंग हलत नाही. तिसरा पगार म्हणजे श्वासावाटे आलेल्या प्राणवायूवर चालणारे काम. तो हळूहळू येतो, पण चुकत नाही. खिशातली रोकड पुन्हा भरायची ती याच पगारातून, आणि उधारी फेडायची तीही यातूनच. म्हणून ज्याचा पगार मोठा, त्याची रोकड एका मिनिटाच्या विश्रांतीत बऱ्यापैकी भरून निघते. ज्याचा पगार तुटपुंजा, तो दुसऱ्या फेरीला कर्ज घेऊनच उभा राहतो.

मल्लाच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. धावणाऱ्याचे पाय आवळतात आणि सुटतात, त्यामुळे रक्त वाहते राहते. पकड घालणाऱ्याचा हात आवळलेलाच राहतो. घट्ट आवळलेल्या स्नायूत रक्त नीट शिरत नाही, म्हणून मनगटापासून कोपरापर्यंतचा हात दगडासारखा भरून येतो. त्यात नवखा मल्ल जोर लावताना श्वास कोंडून धरतो. म्हणूनच तालमीत 'श्वास सोड, श्वास सोड' हा घोष चालू असतो. जोर लावताना श्वास बाहेर, पकड गरजेपुरतीच घट्ट, आणि काम झाले की लगेच ढिली. एवढ्या तीन गोष्टी अंगवळणी पडल्या तर निम्मी दमछाक वाचते.

आता आपल्या मातीकडे वळू. आपल्याकडे किताबाची सर्वांत मोठी लढत म्हणजे 'महाराष्ट्र केसरी'. 1961 सालापासून ही स्पर्धा भरत आली आहे, आणि पहिला मान दिनकर दह्यारी यांनी मिळवला. या स्पर्धेची रीत पिंजऱ्यातल्या लढतीहून वेगळी. इथे केसरीला गादीवर बसून एकाच आव्हानवीराची वाट पाहता येत नाही. मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता आपापल्या विभागात एकामागून एक जोड निकाली काढत येतात आणि मग गदेसाठी एकमेकांना भिडतात. म्हणजे दम नुसता एका कुस्तीत नव्हे, सबंध स्पर्धेत वाटून खर्चायचा असतो. पहिल्या दिवशी हलक्या जोडीवर शौर्य गाजवून अंग मोडून घेणारा मल्ल शेवटच्या दिवशी रिकामा होतो.

अंतिम कुस्ती सहा मिनिटांची. तीन मिनिटे, अर्ध्या मिनिटाची विश्रांती, पुन्हा तीन मिनिटे. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वेळात दमाचा काय प्रश्न? कधी कधी खरेच नसतो. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला मिनिटभराच्या आत चीत केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर शेखने त्याच शिवराजला अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखवले. पण त्याच्या आदल्या वर्षीची कुस्ती आठवा. 9 एप्रिल 2022, सातारा. कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील आणि मुंबईकडून उतरलेला विशाल बनकर. सुरुवातीला गुण होते बनकरच्या बाजूला. पृथ्वीराज मागे होता, पण विस्कटला नाही. गुण मागे पडले म्हणून त्याने डोके फिरवून घेतले नाही, आणि शेवटच्या टप्प्यासाठी अंगात काही शिल्लक ठेवले होते ते तिथे बाहेर काढले. निकाल लागला पाच-चार. एका गुणाने कोल्हापूरला एकवीस वर्षांनी गदा मिळाली. हरलेल्या मल्लाचाही यात कमीपणा नाही. सहा मिनिटांच्या कुस्तीतही शेवटच्या मिनिटाची किंमत पहिल्या मिनिटाहून जास्त असते, एवढे मात्र या कुस्तीने दाखवून दिले.

जुन्या मातीच्या कुस्तीला घड्याळच नव्हते. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी 1912 साली उभे केले, तेव्हापासून तिथे काटा जोडी तासतासभर घुमलेल्या आहेत. त्या कुस्तीत खडाखडी हा वेळकाढूपणा नव्हे, ती एक विद्या होती. मानेवर हात टाकून आपले वजन समोरच्यावर सोडायचे, त्याला ते पेलायला लावायचे, आपण श्वास घ्यायचा. आज पिंजऱ्याच्या जाळीला दाबून धरणारा झुंजार तेच करतो. नाव बदलले, वजन तेच.

अर्थात नुसते टिकून राहणे म्हणजे जिंकणे नव्हे. 1910 साली लंडनमध्ये गामा पहिलवानापुढे पोलंडचा झ्बिस्को जमिनीला पोट लावून अडीच तासांहून जास्त वेळ पडून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली, पण झ्बिस्कोच्या पदरी कीर्ती पडली नाही. 1928 साली पतियाळात तोच झ्बिस्को पुन्हा आव्हान घेऊन आला, आणि गामाने त्याला मिनिटाच्या आत पाडले. दम साठवायचा तो कधीतरी खर्च करण्यासाठी. पुरून ठेवलेले नाणे बाजारात चालत नाही.

याच्या उलट उदाहरण मुहम्मद अलीचे. 30 ऑक्टोबर 1974, आफ्रिकेतले किन्शासा शहर. गादीवर होता पंचवीस वर्षांचा जॉर्ज फोरमन, आव्हानवीर होता बत्तीस वर्षांचा अली. फोरमनने फ्रेझर आणि नॉर्टन या दोघाही नामांकितांना दुसऱ्याच फेरीत गुंडाळले होते. जग त्याच्या ठोशाला भ्यायले. अलीने त्याच गोष्टीत त्याची उणीव पाहिली. इतक्या लवकर जिंकणाऱ्याने लांबची फेरी कधी पाहिलेली? अली दोरांना टेकून, हातांचा आडोसा करून उभा राहिला आणि त्याला मारू दिले. उकाड्यात फोरमन ठोसे खर्चत गेला. आठव्या फेरीत अलीने आपले साठवलेले बाहेर काढले आणि फोरमन खाली बसला. इथे आव्हानवीराने गादीवाल्याचाच हिशेब चुकवला.

मिश्र युद्धकलेत दोन लढती या दृष्टीने शिकण्यासारख्या आहेत. ऑगस्ट 2010 मध्ये चेल सॉनेन या आव्हानवीराने अँडरसन सिल्वाला चार फेऱ्या अक्षरशः जमिनीवर लोळवले. पाचवी फेरी तेवढी निभावायची होती. त्या फेरीत अर्ध्याहून थोडा अधिक वेळ गेला असताना, खाली पडलेल्या सिल्वाने पायांची कैची मानेभोवती घातली आणि सॉनेनला हार मानावी लागली. दुसरी लढत ऑगस्ट 2022 ची, सॉल्ट लेक सिटीत. हे शहर उंचावर आहे, हवा विरळ. आव्हानवीर लिऑन एडवर्ड्स पहिली फेरी चांगली खेळला आणि मग तीन फेऱ्या मागे पडत गेला. पाहणाऱ्यांनी त्याला सोडून दिले होते. शेवटच्या फेरीचे शेवटचे मिनिट चालू असताना त्याची एक लाथ कामारू उस्मानच्या डोक्यात बसली आणि किताब फिरला. एकाला तेवीस मिनिटांचे यश पुरले नाही, एकाला एका मिनिटाने तारले. हा नशिबाचा खेळ म्हणून सोडून देऊ नका. दमलेल्या अंगातही एक डाव नीट मारता यावा, यासाठी तो डाव दमलेल्या अंगानेच हजारदा घोटावा लागतो.

आणि आता खाशाबा जाधवांची गोष्ट. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. 1948 च्या लंडन ऑलिंपिकात सहावा आला, आणि 1952 साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक, कांस्यपदक, त्याने आणले. त्या कांस्याच्या मागची हकिकत सर्वांना ठाऊक असतेच असे नाही. जपानच्या शोहाची इशी या मल्लाशी त्यांची लांबलेली, दमवणारी कुस्ती झाली आणि ती ते हरले. लागलीच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हविरुद्ध उभे राहायला सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम पुढे करून भांडायला आपला एकही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. खाशाबा थकल्या अंगाने उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य. ती तीस मिनिटे मिळाली असती तर काय झाले असते, हे सांगता येणार नाही. पण एक धडा निश्चित आहे. दम नुसता छातीत नसतो, तो नियमांच्या पुस्तकातही असतो. विश्रांती हा मल्लाचा हक्क आहे, आणि तो हक्क मागणारा माणूस मल्लाच्या पाठीशी उभा पाहिजे. पोराला स्पर्धेला पाठवताना लंगोट आणि खुराक पाहता, तसा नियम जाणणारा एक शहाणा माणूसही सोबत द्या.

मग तयारी कशी करावी? तीन गोष्टी सांगतो.

पहिली, पगार वाढवा. आठवड्यातून तीन-चार दिवस असे धावा, की धावता धावता शेजारच्याशी बोलता यावे. पोरांना हे कमीपणाचे वाटते. जिभेला फेस येईपर्यंत पळालो नाही तर मेहनत काय केली, असे ती म्हणतात. पण हृदयाची आणि फुप्फुसांची बैठक बसते ती याच संथ कामाने. दुसरी, लढतीसारखाच सराव करा. पाच मिनिटे झट, एक मिनिट बस, असे पाच वेळा. जुन्या तालमीत एकाच्या अंगावर पाळीपाळीने ताजे गडी सोडत, तेच हे. विश्रांतीच्या मिनिटाच्या आरंभी आणि अखेरीस मानेवर बोट ठेवून नाडी मोजा आणि वहीत लिहा. महिन्या-दोन महिन्यांत ती त्या एका मिनिटात अधिक उतरू लागली तर समजा, दम वाढतो आहे. दुसऱ्याच्या वहीशी तुलना नको, आपल्याच मागच्या पानाशी करा. तिसरी, लढतीच्या आधीचा आठवडा हात आखडता घ्या. शेवटच्या आठवड्यात दम वाढत नाही, फक्त सांडतो.

इथे मानखुर्दकरांसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्याकडे एका बाजूला सायन-पनवेल महामार्ग, दुसऱ्या बाजूला घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता, आणि जवळच देवनारची कचराभूमी. जानेवारी 2016 मध्ये त्या कचऱ्याला आग लागली तेव्हा तिचा धूर किती दिवस छातीत गेला, ते इथल्या माणसांना विचारा. मल्लाचे भांडवल म्हणजे हवा, आणि तीच इथे भेसळीची. पहाटे उठून धावण्याची आपली जुनी रीत चांगली, पण हिवाळ्यात पहाटेच धूर जमिनीलगत बसलेला असतो. अशा दिवशी पहाटे तालमीत जोर-बैठका काढाव्यात, आणि धावायचे ते दुपारनंतर, समुद्राकडून वारा सुटला म्हणजे, ट्रकांच्या रस्त्यापासून दूर. आणि दोन आठवडे खोकला हटत नसेल, संध्याकाळी अंग कणकणत असेल, वजन आपोआप उतरत असेल, तर वजनगटात बसलो म्हणून खूश होऊ नका. ती क्षयाचीही चाहूल असू शकते. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत त्याची तपासणी आणि औषधोपचार मोफत होतात. वेळेवर गेलेला मल्ल पुन्हा आखाड्यात उतरतो.

वजनाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक इशारा. किलो-दोन किलो उतरवण्यासाठी पाणी तोडणे, जाड कपडे घालून घाम काढणे, थुंकी टाकणे, हे प्रकार पोरे एकमेकांकडून शिकतात. अंगातले पाणी गेले की रक्त दाट होते, हृदयाला तेच काम करायला जास्त धावावे लागते, आणि सहा महिन्यांत कमावलेला दम एका रात्रीत बुडतो. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अशा वजन उतरवण्यात प्राणाला मुकले. ती तिन्ही मुले शिकणारी होती, त्यांच्या मागे घर होते. त्यानंतर तिथे रबरी कपडे आणि तापवलेल्या खोल्या यांच्यावर बंदी आली. गदा मोठी खरी, पण ती उचलायला माणूस उरला पाहिजे. ज्या वस्तादाला हे पटते तोच खरा वस्ताद, आणि ज्या आईला पोराचे कोरडे ओठ दिसतात तिने विचारायला संकोचू नये.

शेवटी, लढत सुरू झाल्यावर काय करावे? पहिल्या फेरीत समोरच्याला ओळखा. त्याचा श्वास नाकाने चालतो की तोंडाने, ते पाहा. जोर लावायचा तो ठरवून, पाच-सात सेकंद, आणि मग पुन्हा अंग सैल. विश्रांतीच्या मिनिटात बोलू नका, लांब श्वास सोडा आणि कोपऱ्यातल्या माणसाची एकच सूचना ऐका. दहा सूचना देणारा कोपरा आपल्याच गड्याचा दम खातो. आणि मागे पडलात तर घाबरून सगळे एकदम उधळू नका. अंगात किती शिल्लक आहे आणि वेळ किती उरला आहे, या दोन आकड्यांची सांगड घालणे म्हणजेच दमाचा हिशेब.

आव्हान देणारे बहुतेक हरतात, हे खरे आहे. किताब एकच असतो आणि मागणारे अनेक. पण ज्याने दम जोखायला शिकून घेतले, तो हरला तरी उठून हात मिळवण्याइतका श्वास त्याच्यापाशी उरतो, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा शड्डू ठोकून उभा राहतो. आमच्या खेड्यातला वस्ताद काय किंवा सातासमुद्रापलीकडचा प्रशिक्षक काय, दोघांचेही सांगणे शेवटी एकाच शब्दात येते: दमानं!